एकेचाळीस हजर, सगळे ठीक

सोंडेवाडीच्या माजी सैनिक आरोग्य केंद्रात मंगळवारी सकाळी आठ वाजता फॉल-इन व्हायचं. आता दवाखान्यात कसला आलाय फॉल-इन, असं तुम्ही म्हणाल. पण ज्या गावात घरटी एक माणूस पलटणीत जाऊन आलाय, तिथं दवाखान्याची रांगसुद्धा खांद्याला खांदा लावूनच उभी राहते, त्याला कोण काय करणार? कुणाचा गुडघा गेलेला, कुणाचा कान, पण छाती पुढं आणि हनुवटी वर. तीन ओळींत चाळीस गडी, आणि त्यांच्यापुढं निवृत्त सुभेदार हणमंत फडतरे, वय वर्षं सत्तावन्न. बूट असे चकाकणारे की त्यात बघून भांग पाडावा.

बरोबर आठला केंद्राचे प्रमुख, निवृत्त कर्नल डॉक्टर प्रतापराव रणनवरे, पायऱ्या उतरायचे. हणमंत खाडकन सॅल्यूट ठोकायचा आणि पलीकडच्या आळीला ऐकू जाईल असा ओरडायचा, "एकेचाळीस हजर, सगळे ठीक, सर!"

मग कर्नलसाहेब हातात काचेची पाटी घेऊन ओळीतून चालत जायचे. "झोप?" "ठीक, सर!" "दचकणं?" "नाही, सर!" "राग?" "नाही, सर!" असे नऊ प्रश्न. एका माणसाला अर्धं मिनिटसुद्धा लागायचं नाही. पाटीवर हिरव्या खुणा उमटत जायच्या आणि संध्याकाळपर्यंत मुंबईच्या ऑफिसात पोचायच्या. हे २०४४ सालचं सांगतोय, बरं का.

त्या खुणा ज्या औषधासाठी होत्या, त्याचं कागदावरचं नाव लांबलचक, आकडे-बिकडे असलेलं होतं. गडी त्याला 'गारवा' म्हणायचे, कारण नाकात फवारा मारला की कपाळामागं गार वाटायचं. स्फोटाच्या, गोळीबाराच्या, डोळ्यांदेखत गेलेल्या साथीदारांच्या आठवणी ज्यांना वर्षानुवर्षं झोपू देत नाहीत, त्यांच्यासाठी ते आलं होतं. कर्नलसाहेबांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर मेंदू काढून समजावलं होतं.

"गुऱ्हाळात गूळ बघितलाय ना? ढेप थंड असते तोवर कडक, तापवली की मऊ. आठवणीचं तसंच आहे. तुम्ही एखादा प्रसंग नीट आठवून बोलायला लागलात की ती आठवण चार-पाच तास मऊ पडते. मग मेंदू नवी प्रथिनं तयार करून ती पुन्हा घट्ट करतो, आणि दर वेळी भीतीसकट घट्ट करतो. इथं, कानाच्या आत खोल, बदामाएवढी एक गाठ आहे. धोक्याची घंटा वाजते ती तिथं. गारवा त्या गाठीत जातो आणि त्या चार-पाच तासांत तिथली प्रथिनं जुळू देत नाही. प्रसंग लक्षात राहतो, घंटा तेवढी सुटून पडते."

म्हणजे दर मंगळवारी फवारा मारायचा, समुपदेशक ताईंसमोर बसून प्रसंग सांगायचा आणि घरी जायचं. एवढंच. एक गोष्ट मात्र साहेबांनी त्या दिवशी जरा भराभर उरकली. हे औषध उंदरांवर वापरून झालं होतं आणि परदेशात साठ माणसांवर. खरी मोठी चाचणी, जिच्यात अर्ध्यांना औषध आणि अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी देऊन फरक बघतात, ती व्हायची होती. तिला पाच-सहा वर्षं लागणार होती. सरकारनं माजी सैनिकांसाठी खास सवलत काढली: औषध आधी, चाचणी नंतर. संमतीचे कागद फिरले आणि सगळ्यांनी सह्या ठोकल्या. साहेबानं पुढं केलेला कागद वाचत बसायची सवय कुणाला होती?

हणमंतनंही सही केली आणि त्याचं सोनं झालं, हे आधीच सांगून टाकतो. पंधरा वर्षांमागं एका बर्फातल्या चौकीवरून त्यानं दोन जवानांना तार जोडायला खाली पाठवलं होतं आणि वरून कडा सुटला. पोरांचे देह सापडले ते तिसऱ्या दिवशी. तेव्हापासून हणमंत दोन तासांवर झोपला नव्हता. त्याची बायको शैला त्याच्याबरोबर जागायची, पाणी द्यायची, पाठीवरून हात फिरवायची आणि सकाळी डोळे चोळत गोठ्यात जायची. गारव्याच्या पाचव्या फवाऱ्यानंतर हा माणूस सलग सात तास झोपला. शैलानं नाकापुढं हात धरून श्वास चालू आहे की नाही ते बघितलं म्हणे.

शैलाचा धाकटा भाऊ अंकुश भोईटे, नाईक म्हणून निवृत्त झालेला, त्याच रांगेत दुसऱ्या ओळीत उभा राहायचा. त्याची बस सुरुंगावर गेली होती. घरात कुकरची शिट्टी झाली की हा धिप्पाड गडी कॉटखाली शिरायचा. त्याची बायको मीना सोळा वर्षं उघड्या पातेल्यात भात शिजवत होती. सहाव्या फवाऱ्यानंतर तिनं जीव मुठीत धरून कुकर लावला. एक शिट्टी झाली, दुसरी झाली. अंकुश चहा पीत राहिला. मीना कुकरपाशी उभी राहून हमसून हमसून रडली आणि नंतर तिनं आळीत पेढे वाटले.

ही सगळी खरी गोष्ट आहे. म्हणून तर पुढचं अवघड.

श्रावण सरता सरता मीना एका दुपारी हणमंतच्या दारात येऊन उभी राहिली. पायात चप्पल नाही, कडेवर चार वर्षांची नात ओवी.

"दाजी, तुमचं ते औषध बंद करा," ती म्हणाली. "माझा नवरा मला परत पायजे."

शैलानं तिला बसवलं, पाणी दिलं. "आज हायवेवर गेलते ह्ये पोरीला खांद्यावर घेऊन. मी मागनं येत होते. ते बिनड्रायव्हरचे ट्रक असत्यात न्हवं, ऐंशीच्या वेगानं येणारे? ह्ये सरळ चालाय लागले आडवे. इकडं बघितलं न्हाई, तिकडं बघितलं न्हाई. ट्रक थांबला तो ओवीच्या पायापास्नं चार बोटांवर. मी किंचाळले. तर मला म्हणत्यात, अगं, त्ये थांबत्यातच की! मशीन हाय त्यात."

"अंकुश असं म्हणाला?" शैलानं विचारलं.

"हसून म्हणाले, वन्सं. भ्याच न्हाई उरलं त्यांच्यात. मागल्या महिन्यात तव्यावरची भाकरी हातानं उलटताना पंजा भाजला, कातडं निघालं, तरी हात मागं घ्यायची घाई न्हाई. दाजींनीच तर पट्टी बांधली की!"

पट्टी हणमंतनंच बांधली होती, केंद्राच्या मागच्या खोलीत. अंकुशला चार शिव्या हासडल्या होत्या, "धांदरट आहेस" म्हणून. आणि पाच मिनिटांनी अंगणात येऊन कर्नलसाहेबांना ठणकावून सांगितलं होतं: सगळे ठीक, सर.

यात त्याला तेव्हा काही वावगं वाटलं नव्हतं, आणि हे नीट समजून घ्या, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत हणमंत एकच गोष्ट शिकला होता. जवानाचं दुखणं, भांडण, घरची कटकट, सगळं सुभेदारानं खालच्या खाली निस्तरायचं आणि वर रिपोर्ट स्वच्छ द्यायचा. ज्याच्या तुकडीची तक्रार साहेबाच्या टेबलावर जाते, तो सुभेदार कसला? या शिस्तीवर त्यानं शाबासक्या मिळवल्या होत्या. त्याच शिस्तीनं त्यानं एका औषधाची परीक्षा घेतली होती, आणि पेपर कोरा असताना पैकीच्या पैकी मार्क देऊन टाकले होते.

तो उठला तो तडक केंद्रावर गेला.

कर्नलसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता हो. नोकरीत असताना त्यांच्या हाताखालच्या अकरा रुग्णांनी जीव दिला होता आणि त्या अकरा जणांचे फोटो ते टेबलाच्या खणात ठेवायचे.

"भोईट्याचं बघू आपण," ते म्हणाले. "डोस कमी करू. पण सुभेदारसाहेब, पुढच्या सोमवारी राज्याची समिती येतेय. आपल्या केंद्राचा निकाल बघून साठ हजार माजी सैनिकांना गारवा द्यायचा की नाही ते ठरणार आहे. चौऱ्याण्णव टक्के सुधारणा! एवढी कुठल्याच केंद्रात नाही. अशा वेळी एका अपवादासाठी गोंधळ नको."

"सर, एक अपवाद आहे हे कशावरून?"

"पाटीवरून. बाकी चाळीस ठीक आहेत ना?"

"ठीक आहेत असं मी सांगितलंय, सर."

कर्नलसाहेब उठून खिडकीशी गेले. "पुरावा, पुरावा! पुरावा येईपर्यंत मी अजून किती प्रेतं उचलू? सांगा ना! शहरातले शहाणे म्हणतात, सहा वर्षं थांबा. त्यांच्या घरात कुणी पंख्याला लटकलंय का? मी थांबणार नाही. आणि तुम्हीही विचार करून बोला. समितीनं औषध थांबवलं तर सगळ्यांत आधी तुमची झोप जाईल."

हणमंत सॅल्यूट करून बाहेर आला आणि रस्ताभर स्वतःवर चिडचिडत राहिला. साहेबांचं म्हणणं खोटं कुठं होतं? गारवा खोटा नव्हता, शैलाच्या डोळ्यांखालची वर्तुळं गेली होती. पण मग अंकुश? आणि तिसऱ्या ओळीतले ते नेहमी गप्प असणारे? त्यांना कुणी कधी धड विचारलंय?

घरी आल्यावर त्यानं शैलाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडायची थांबली.

"म्हंजे तुम्ही बोललात तर औषध जाणार," ती म्हणाली.

"जाईल बहुतेक."

"आन तुमची झोप?"

"ती पण."

शैला उसळलीच. "पंधरा वर्षं मी जागलेय तुमच्याबरोबर! वर्ष झालं न्हाई अजून मला पाठ टेकून. माझा इचार केला का कुणी? तिकडं माझा भाऊ, इकडं तुम्ही. कुणाला घालू खड्ड्यात, सांगा की!" तिनं ताटातली भाजी तशीच ढकलली आणि पदरानं डोळे पुसले. हणमंतनं ते ताट पुढं ओढलं आणि तो भाजी निवडू लागला. मग तीच म्हणाली, "ती पोर वाचली म्हणून मी इथं बसून भांडतेय. न्हाई वाचली असती तर? बोला तुम्ही. काय बोलायचं ते सगळं बोला. मी हाय."

आता प्रश्न होता तो बाकीच्यांकडून खरं काढायचा. रांगेत उभं करून विचारलं तर काय उत्तर येणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. हणमंतनं मिशीवरून दोन-तीनदा हात फिरवला आणि त्याला लंगर आठवला. लंगर म्हणजे पलटणीचं स्वयंपाकघर. जे जवान साहेबापुढं तोंड उघडत नाहीत, ते तिथं कांदे सोलता सोलता बायकोचं पत्रसुद्धा वाचून दाखवतात.

रविवारी सकाळी त्यानं निरोप धाडले: समितीच्या जेवणाची तयारी करायची आहे, सगळ्यांनी केंद्राच्या मागच्या अंगणात यायचं, बायकांना घेऊन यायचं, सुऱ्या-विळ्या आपापल्या. कर्नलसाहेब त्या दिवशी साताऱ्याला गेले होते. अंगणात ताडपत्री अंथरली, मधे बटाट्यांचा, कांद्यांचा, लसणाचा ढीग. हणमंतनं बूट काढून ठेवले आणि मांडी घालून लसूण सोलायला बसला. त्याला अनवाणी बघून गड्यांना आधी हसूच आलं.

"हसा लेको," तो म्हणाला. "आज मी सुभेदार नाही. एक गोष्ट सांगतो. गारव्यानं मला झोप लागते, पण त्या दोन पोरांची नावं मी हल्ली रेशनची यादी वाचल्यासारखी सांगतो. हे चांगलं की वाईट, मला कळत नाही. कुणाला सांगायचं तेही कळत नाही. तुमचं काय?"

आधी शिर्के नावाचा एक ड्रायव्हर म्हणाला की हल्ली घाटात त्याला ब्रेक लावायचं सुचतच नाही. मोहिते म्हणाला, त्याला काडीचा फरक पडलेला नाही, पण साहेब एवढे मायेनं विचारतात तर नाही कसं म्हणायचं? त्याची बायको तिथंच कडाडली, "म्हणून वर्षभर मला मारताय व्हय झोपंत? वर ठीक म्हणून सांगताय?" मग काय, बायकांनी तोंडं उघडली. नवऱ्यांनी जे झाकलं होतं ते त्यांनी एकेक करून ताडपत्रीवर आणून टाकलं. हणमंत लिहीत राहिला.

सगळ्यांत शेवटी सर्जेराव माने खाकरला. बासष्ट वर्षांचा, लाजरा गडी.

"सुभेदारसाब, रागावू नगा. मी फवारा मारलेलाच न्हाई."

"म्हणजे?"

"नाकात काय घातलं की मला शिंका येत्यात. म्या पैल्या दिवसापास्नं त्यो रुमालात मारतोय."

"अरे, पण पाटीवर तुझी सुधारणा सगळ्यांत जास्त आहे!"

"व्हय. झोप बेस लागते. मंगळवारी हितं येतो, त्या ताईंपुढं मन मोकळं करतो, तुमच्यासंगं चहा पितो. बरं वाटतंय."

सगळं अंगण खो खो हसलं. हणमंतही हसला आणि हसता हसता वहीकडे बघून थांबला. ज्या औषधाची साठ हजार माणसांना शिफारस होणार होती, त्याचा सगळ्यांत उत्तम रुग्ण औषधच घेत नव्हता. वहीत बेरीज केली तेव्हा एकोणीस जणांना खरोखर बरं होतं. आठ जणांना फरक नव्हता. तेरा जणांचं काहीतरी बिघडलं होतं. आणि एक सर्जेराव.

सोमवारी समिती आली. तीन माणसं, त्यांची प्रमुख डॉक्टर तन्वी केळुसकर, जेमतेम चाळिशीची, संख्याशास्त्राची तज्ज्ञ. अंगणात तीन ओळी लागल्या. बायका कुंपणापाशी उभ्या. कर्नलसाहेब ठेवणीतला कोट घालून पायऱ्या उतरले आणि समितीकडे वळून म्हणाले, "आमची शिस्त बघा."

हणमंत चार पावलं पुढं आला. सॅल्यूट केला. सगळ्यांनी कान टवकारले.

"सर, मी आज रिपोर्ट देणार नाही."

कर्नलसाहेबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणालात?"

"मी वर्षभर दिलेला प्रत्येक रिपोर्ट चुकीचा होता, सर. तो मी परत घेतो." "औषध वाईट आहे असं मी म्हणत नाही. मला त्यानं झोप दिली. पण ते कुणाला चांगलं, कुणाला वाईट, हे इथं कुणालाच माहीत नाही, कारण आम्ही कुणी खरं बोललोच नाही. साहेबापुढं रांगेत उभा केलेला जवान पाय तुटला तरी ठीकच म्हणणार. तुम्ही आम्हाला प्रश्न विचारलेच नाहीत, सर. तुम्ही परेड घेतलीत. आणि ती मी लावून दिली."

"फडतरे!" कर्नलसाहेब गरजले. "परत जागेवर!"

पंचवीस वर्षांपूर्वी ती गर्जना ऐकून हणमंत पुतळा झाला असता. आत्ताही त्याच्या टाचा आपोआप जुळल्या. त्यानं त्या मुद्दाम सोडवल्या, ओळींकडे वळला आणि आयुष्यातली सगळ्यांत विचित्र ऑर्डर दिली.

"तुकडी, खाली बस! बायकांनो, या, आपापल्या माणसाशेजारी बसा. ह्या डॉक्टरबाई आहेत, साहेब नाहीत. त्यांना जे आहे ते सांगा. जो ठीक आहे त्यानं ठीक सांगा, जो नाही त्यानं नाही सांगा. शिर्के, तू सुरुवात कर."

आधी मीना कुंपणापासून पुढं आली, अंकुशचा दंड धरला आणि त्याला खाली बसवलं. त्याच्यामागं एकेक करून सगळी रांग बसली. एकटा हवालदार कृष्णात जगदाळे ताठ उभा राहिला आणि हणमंतकडे जळजळीत बघत म्हणाला, "तुमची खरं बोलायची हौस फिटेल, सुभेदार. माझी झोप जाईल. मी ठीक आहे. मला ठीक राहू द्या."

डॉक्टर तन्वींनी आपली पाटी मिटली, साधा कागद घेतला आणि जमिनीवर बसल्या. संध्याकाळचे साडेपाच वाजले तरी त्या उठल्या नव्हत्या. जाताना त्यांनी हणमंतला बाजूला घेतलं.

"सुभेदारसाहेब, चौऱ्याण्णव टक्के बघून मी सही करायच्याच तयारीनं आले होते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काय किंमत पडणार आहे, कल्पना आहे ना?"

"आहे, बाई."

निकाल पंधरा दिवसांत आला. नव्या कुणाला गारवा नाही. बिघडलेल्या तेरा जणांचं ताबडतोब बंद, त्यांच्यावर उपचार सुरू. अंकुशची भीती परत येईल की नाही, आली तर कधी, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. मीना त्याचा हात धरून रस्ता ओलांडू लागली. बाकीच्यांनी मिठाच्या पाण्याच्या खऱ्या चाचणीत यायचं. कुणाच्या बाटलीत काय ते रुग्णालाही माहीत नसणार आणि डॉक्टरलाही. चाचणीची तयारी होईपर्यंत दोन महिने सगळ्यांचंच बंद.

तिसऱ्या आठवड्यात हणमंतची झोप गेली. कडा पुन्हा सुटू लागला. शैला पुन्हा पाणी घेऊन उशाशी बसू लागली आणि एकदाही "मी म्हणत होते" असं म्हणाली नाही. गावात मात्र लोकांनी भरपूर तोंडसुख घेतलं. एस.टी. स्टँडवर कृष्णात जगदाळे त्याला बघून पचकन थुंकला आणि चारचौघांत म्हणाला, "ह्यानं आमची झोप घालवली." त्याचे डोळे लालभडक होते. हणमंत थांबला.

"घालवली," तो म्हणाला. "माझी पण घालवली. तुझ्या शिव्या मी खाईन, कृष्णात, रोज खाईन. पण अंकुशची नात जिती आहे आणि मी पुन्हा तेच करीन. चाचणीला ये. तुला औषध लागू पडतं हे सिद्ध झालं, तर ते तुझ्यापासून कुणाचा बापसुद्धा काढून घेणार नाही."

कृष्णात तोंड फिरवून एस.टी.त चढला.

आणि एका दुपारी हणमंतच्या घरी एक खोकं आलं. आत गारव्याच्या चोवीस बाटल्या, वर कर्नलसाहेबांच्या अक्षरात चिठ्ठी: 'जुना साठा. फक्त तुमच्यासाठी. कुणाला सांगू नका.' शैलानं चिठ्ठी वाचली, खोक्याकडे बघितलं, नवऱ्याच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघितलं आणि आत निघून गेली. हणमंत अर्धा तास खोकं मांडीवर घेऊन बसला. एक बाटली त्यानं उघडलीसुद्धा. शेवटी झाकण लावलं, पायात बूट चढवले आणि खोकं बगलेत मारून निघाला.

कर्नलसाहेब ऑफिसात एकटेच होते. वाळले होते. टेबलाचा खण उघडा होता आणि ते अकरा फोटो समोर मांडलेले होते. हणमंतनं खोकं त्यांच्या शेजारी ठेवलं. सॅल्यूट केला नाही.

"परत आणलंत?" साहेब म्हणाले. "किती रात्री झाल्या झोप नाही?"

"अकरा, सर."

"मग घ्या ना! हे केंद्राचं नाही, माझ्याकडून आहे. माझा जीव तुटतो हो, फडतरे. तुम्हाला ते लागू पडत होतं!"

"असेल, सर. पण मी चोरून झोपलो तर चाचणीत माझ्या नावापुढं पुन्हा खोटं लिहिलं जाणार. एकदा लिहिलं, तेवढं पुरे झालं."

साहेबांनी एक फोटो उचलून बघितला. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, मी त्यांना वाचवतोय."

"काहींना वाचवलंतही, सर. कुणाला ते मोजायचं राहिलं."

कर्नलसाहेबांनी फोटो गोळा केले आणि समोरची खुर्ची त्याच्याकडे सरकवली. हणमंत बसला. वर्षभरात त्या खोलीत तो पहिल्यांदाच बसत होता. साहेबांचा हात सवयीनं काचेच्या पाटीकडे गेला, तसा हणमंतनं टेबलावरचा पेन उचलून त्यांच्या हातात दिला.

"नऊ प्रश्न नकोत," तो म्हणाला. "मी सांगतो, तुम्ही लिहा. फडतरे, हणमंत, सुभेदार. झोप दीड तास. दोन वेळा ओरडत उठलो, बायकोला कोपर लागलं, तिच्या गालावर वळ आहे. सकाळी जेवण गेलं नाही. त्या दोघा पोरांची नावं घेताना रडू येतं, आता येतंय." त्यानं डोळे पुसले नाहीत. "आणि हे सगळं असताना चाचणीत माझं नाव पहिलं घाला. मिठाचं पाणी आलं तरी चालेल. लिहिताय ना, सर? तब्येत खराब. मोठ्या अक्षरात लिहा."